अमूर्त चित्र : जे बोलता येत नाही त्यासाठी एक जागा



*अभ्यासपाठ : कुटुंब गटांसाठी (पेडणे व डिचोली विभाग)*

मौनाचा पाठ झाल्यावर दोन-तीन गटांतून जवळजवळ सारखाच प्रश्न आला. "शांत बसलं की मन शांत व्हायच्या ऐवजी आतलं सगळं वर येतं. राग येतो, जुनं दुःख येतं, कधी कधी नुसतं भरून येतं, आणि कशामुळे ते सांगताही येत नाही. त्याचं काय करायचं?"

प्रश्न अगदी खरा आहे. नाम, मौन, सेवा हे आपले मार्ग आहेतच. पण आत साचलेलं बाहेर यायला एखादी साधी, हाताला धरता येईल अशी वाटही लागते. काहींना ती भजनात सापडते. आपल्याकडच्या बायकांना ती पिढ्यान् पिढ्या धालोच्या मांडावर, फुगडीत सापडत आली. आज आपण अशाच एका वाटेचा अभ्यास करू, ती म्हणजे *अमूर्त चित्र*. पाठ थोडा मोठा आहे. दोन बैठकांत वाचला तरी चालेल. शेवटी घरी करायचा अभ्यास दिला आहे, तो मात्र सोडू नका.

*१) अमूर्त म्हणजे काय?*

ज्या चित्रात झाड, घर, माणूस, देव असं ओळखता येण्याजोगं काही काढलेलं नसतं, फक्त रंग, रेषा, पोत आणि मोकळी जागा असते, ते अमूर्त चित्र. ते पाहून पुष्कळ जण म्हणतात, "ह्यात काय आहे? असं तर आमचा नातूही काढील." हसण्यावारी नेऊ नका, नातू खरंच काढतो. तीन वर्षांचं पोर खडू घेऊन भिंतीवर गोल गोल फिरवतं तेव्हा ते कशाचंच चित्र काढत नसतं. त्याच्या अंगातला आनंद किंवा चिडचीड हातातून उतरत असते. पुढे शाळेत आपण त्याला डोंगर, सूर्य, नदी आणि घर शिकवतो, आणि ती पहिली भाषा मागे पडते.

आणि अमूर्त आपल्याला परकं कुठे आहे? आपल्या गावोगावी सातेरी आहे. अनेक देवळांत तिचं मूळ रूप म्हणजे वारूळ, ज्याला आपण रोंयण म्हणतो. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत, तरी समोर उभं राहिलं की हात आपोआप जोडले जातात. शिवलिंग, शाळिग्राम तसेच. दारातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. ती कुठल्या वस्तूचं चित्र असते? तरी ती घातलेली नसली की दार ओकंबोकं वाटतं. म्हणजे रूपाशिवायही भाव पोचतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सगुण-निर्गुणाच्या देशात राहणाऱ्यांनी अमूर्ताला घाबरायचं कारण नाही.

*२) आपल्या मातीतला चित्रकार*

वासुदेव गायतोंडे हे नाव घरातल्या मुलांना जरूर सांगा. गोव्यातल्या कुटुंबातले, जन्म १९२४ साली नागपूरला. मुंबईत गिरगावच्या चाळीत वाढले, आणि १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी पदविका घेतली. सुरुवातीला माणसं, आकृती काढायचे. हळूहळू आकृती गळत गेल्या आणि रंग, प्रकाश आणि शांतता एवढंच उरलं. १९५७ साली तोक्योच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, १९६४ साली ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री मिळाली.

हे सगळं मिळूनही ते राहिले कसे, हे आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचं. लग्न केलं नाही. पुढे दिल्लीला निजामुद्दीनला लहानशा जागेत एकटे राहिले. कुठल्या गटात मिरवले नाहीत. झेन विचाराचा आणि रमण महर्षींच्या शिकवणीचा त्यांच्यावर प्रभाव होता. वर्षाकाठी मोजकीच चित्रं ते पुरी करत. बाकीचा वेळ? बसणं, संगीत ऐकणं, वाट पाहणं. कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंगाची सुरी हातात घेऊन ते रंगाचा थर चढवायचे, काही भाग खरवडून उतरवायचे, पुन्हा चढवायचे. बहुतेक चित्रांना नावच नाही. स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलंही त्यांना आवडत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' अशा अर्थाचा शब्द ते वापरत.

१९८४ साली त्यांना मोठा अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून काम करणं काही वर्षं थांबलं. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान चित्रं केली. शरीर जेवढं देईल तेवढ्यातच त्यांनी आपलं काम ठेवलं, आणि नंतर पुन्हा कॅनव्हासकडे वळले. घरात आजारपण आलं की "आता माझं सगळं संपलं" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. मोठं जमत नसेल तर लहान करावं, पण हात पूर्ण थांबवू नये.

२००१ साली ते गेले. २०१३ साली मुंबईत एका लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींहून अधिक किमतीला गेलं, आणि २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. किंमत सांगितली की पोरं कान टवकारतात, म्हणून सांगितली. आपण घ्यायचं ते त्यांचं थांबणं.

*३) एक ठिपका आणि एक बहीण*

सय्यद हैदर रझा यांचं बालपण मध्य प्रदेशातल्या मंडला भागात गेलं. शाळेत त्यांचं लक्ष लागत नसे. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि 'ह्याच्याकडे बघत बस' म्हणून सांगितलं. पुढे रझा जे. जे.त शिकले आणि १९५० साली फ्रान्सला गेले. तिथे नाव झालं, पण आतून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. मग कितीतरी वर्षांनी तोच ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रात आला, आणि शेवटपर्यंत राहिला. पत्नी गेल्यानंतर काही वर्षांनी, २०१० साली ते भारतात परतले. २०१६ साली गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे मंडल्याला त्यांचं दफन झालं. गुरूने लहानपणी दिलेली एक साधी गोष्ट माणसाला साठ-सत्तर वर्षांनीही कशी सावरते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट लांबच्या देशातली, स्वीडनची. हिल्मा आफ क्लिंट नावाची चित्रकार. १८८० साली तिची दहा वर्षांची धाकटी बहीण गेली. हिल्मा तेव्हा अठराची. त्या दुःखानंतर तिचा ओढा अध्यात्माकडे वाढला. पोटासाठी ती निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं काढायची, आणि १९०६ पासून मोठमोठी अमूर्त चित्रं रंगवू लागली. वर्तुळं, शंखासारखी वळणं, फिके गुलाबी, निळे, पिवळे रंग. ही चित्रं आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं कोणाला दाखवू नयेत, असं तिने सांगून ठेवलं होतं. १९४४ साली ती गेली. २०१८-१९ मध्ये गुगेनहाइममध्येच ती चित्रं लागली तेव्हा सहा लाखांवर माणसं पाहायला आली.

म्हणजे पाहा, जन्मभराचं एवढं मोठं काम तिने कोणाच्या कौतुकावाचून केलं. आपण स्वयंपाकाचा फोटो टाकला आणि पाच मिनिटांत अंगठा आला नाही तर हिरमुसतो!

*४) ह्याने मन खरंच सुधारतं का?*

नुसती श्रद्धा म्हणून सांगत नाही, थोडी माहिती देते.

एड्रियन हिल नावाच्या इंग्रज चित्रकाराला क्षयरोग झाला. १९३८ साली तो आरोग्यधामात पडून होता. वेळ जाईना म्हणून चित्रं काढू लागला, मग शेजारच्या रुग्णांनाही शिकवू लागला. १९४२ साली त्यानेच ह्या कामाला 'कला-उपचार' अशा अर्थाचं नाव दिलं.

ब्राझीलमध्ये डॉ. निसे दा सिल्वेरा ह्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. विजेचे झटके देण्यासारखे त्या काळचे उपचार करायला त्यांनी नकार दिला. १९४६ साली रिओ शहरातल्या मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांसाठी रंगकामाची खोली सुरू केली. वर्षानुवर्षं नीट न बोललेली माणसं तिथे रंगवू लागली. पुष्कळांच्या कागदावर पुन्हा पुन्हा वर्तुळं येत. मन विस्कटलेलं असतानाही काहीतरी आतून स्वतःला सावरू बघतंय, असं त्या वर्तुळांतून डॉक्टरांना दिसलं. १९५२ साली त्या चित्रांचं संग्रहालयच उभं राहिलं, आणि ते आजही आहे.

२०१६ साली अमेरिकेत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ माणसांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, कागदाचे तुकडे देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळ तपासली. कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं द्रव्य. ते सुमारे ७५ टक्के लोकांत कमी झालं. चित्रकलेचा अनुभव असो वा नसो, त्याने फारसा फरक पडला नाही. बाकीच्यांत मात्र ते कमी झालं नाही. ही दुसरी बाजूही लक्षात ठेवू या. आतलं वर येताना कधी कधी थोडा त्रास होतो, आणि प्रत्येकाला हीच वाट मानवेल असं नाही.

हे घडतं कसं? मला समजलं ते असं. मनातल्या दुःखाला काठ नसतो, ते रात्रभर पसरत जातं. कागदाला मात्र चार कडा असतात. "मी दुःखी आहे" असं म्हणताना मी आणि दुःख एकच असतो. तेच कागदावर उतरलं की ते समोर आणि मी इकडे, मध्ये वीतभर तरी अंतर पडतं. आपण साधनेत ज्याला साक्षीभाव म्हणतो त्याची ही पहिली पायरी समजायला हरकत नाही. आणि हाताला काम मिळालं की श्वासही आपोआप संथ होतो. मोगऱ्याचा गजरा ओवताना, शेणाने खळं सारवताना हा अनुभव आपण घेतलेलाच आहे.

*५) रंगांचा कोश करू नका*

"लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, काळा म्हणजे नकारात्मक" असे संदेश फिरत असतात. कृपया ते ह्या पाठाला जोडू नका. नव्या नवरीला तांबडा म्हणजे कुंकू. डिचोलीच्या खाणपट्ट्यात वाढलेल्या मुलाला तांबडा म्हणजे पानापानावर बसलेली धूळ. देवळाच्या भिंतीवर कावी काम करणाऱ्याला तांबडा म्हणजे काव, जी खरवडली की खालचा चुन्याचा पांढरा दिसतो. रंग तोच, पण प्रत्येकाचं त्याच्याशी नातं निराळं. म्हणून दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ आपण सांगायचा नाही.

एका गटातला अनुभव नाव-गाव न देता सांगते. एका काकींचे यजमान गेले. दिवसकार्यं झाली, पाहुणे परतले. काकी कोणाशी काही बोलत नव्हत्या. त्यांच्या नातीचे रंग घरात होते. त्या दुपारी बसून अख्खा कागद काळा करायच्या, रोज एक. घरातल्यांना ते बरं वाटेना. "देवाचं घर आहे, काळं काय फासता?" म्हणून कागद उचलून ठेवले गेले. काकी आणखीच मिटल्या. सुनेने मग धीर करून रंग परत दिले, आणि एवढंच म्हणाली, "आई, मी बाजूला बसू?" पंधरा-वीस दिवस तसंच चाललं. एक दिवस रंगवता रंगवता काकी हॉस्पिटलातल्या शेवटच्या रात्रीचं बोलल्या. तिथे बाकावर त्या एकट्याच होत्या आणि बाहेरचे दिवे गेले होते. ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचं दुःख संपलेलं नाही. पण आता घरात त्याची जागा आहे, आणि लेक-सून त्या रात्रीबद्दल त्यांच्याशी बोलतात.

तो काळा रंग अपशकुन नव्हता. ती काकींनी पाहिलेली रात्र होती. आपण घाईने "नकारात्मक" म्हणून पुसायला जातो तेव्हा नक्की काय पुसतो, ह्याचा विचार करावा.

*६) घरी करायचा अभ्यास*

🌼 *साहित्य :* जाड कागद किंवा जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू. दोन-तीन पोस्टर कलर. नसतील तर हळद, काव, कोळशाची पूड पाण्यात कालवून. कापडाचा बोळा, जुना टूथब्रश, किंवा नुसती बोटं. महागातलं काही आणू नका, नाहीतर "वाया जाईल" ही भीती पहिली येऊन बसते.

🌼 *कृती :*
१. आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास ठरवून घ्या. फोन दुसऱ्या खोलीत.
२. दोन मिनिटं डोळे मिटून श्वास पाहा. आज मनात जे आहे ते शरीरात कुठे जाणवतं? छातीवर दगड? घशात आवंढा? पोटात गोळा? की हलकं, मोकळं?
३. त्याला रंग द्या. वजन द्या. ते जोरात धावतंय की एका जागी तुंबलंय, तसा हात चालवा.
४. झाड, फूल, चेहरा, घर काढू नका. ॐ किंवा अक्षरंही नकोत. त्यांच्यासाठी आपल्याला इतर वेळ आहे.
५. बिघडलं असं वाटलं तरी कागद बदलू नका. त्याच्यावरच पुढचा थर द्या.
६. झालं की दोन हात लांब ठेवून नुसतं बघा. मागे तारीख आणि एक ओळ लिहा. जमलं नाही तर फक्त तारीख.
७. ठेवायचं की फाडायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

🌼 *घरच्यांसाठी नियम :*
• "हे काय काढलंस?" असं विचारू नका. "छान" किंवा "घाण"ही म्हणू नका. बोलायचंच असेल तर "मी बसू का जवळ?" एवढं पुरे.
• लहान मुलांच्या रंगांवरून त्यांचं भविष्य किंवा स्वभाव काढू नका.
• *कोणाचंही चित्र त्याला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.* स्वतःचंही टाकण्याआधी एक रात्र जाऊ द्या. हे चित्र स्पर्धेसाठी नाही आणि अंगठ्यासाठीही नाही.

*७) एक महत्त्वाची सूचना*

चित्र हे औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. साधना चालू आहे म्हणूनही नाही आणि रंगवायला लागलो म्हणूनही नाही. दोन आठवड्यांहून अधिक झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा *१४४१६* ह्या क्रमांकावर दिवस-रात्र चालते. मनाच्या दुखण्यासाठी मदत मागणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं मुळीच नाही. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना?

*८) गटात चर्चेसाठी*

१. आपल्या घरात कोणती भावना बोलायला परवानगी नाही? राग? भीती? की पुरुषांचं रडणं?
२. सातेरीच्या वारुळासमोर आपल्याला जे वाटतं, ते शब्दांत सांगता येतं का? प्रयत्न करून पाहा.
३. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. आपल्या दिवसात नुसतं वाट पाहण्यासाठी, थांबण्यासाठी किती वेळ आहे?
४. घरातल्या एखाद्याने सगळा कागद काळा केला, तर आपण काय करू?

पुढच्या बैठकीला चित्र आणायची सक्ती नाही. आणलं तर उलटं करून समोर ठेवा. ज्याला दाखवावंसं वाटेल त्याने सुलटं करावं, बाकीच्यांनी शांतपणे पाहावं. अनुभव सांगायचे असतील तर ते गटप्रमुखांना वैयक्तिक कळवा, ग्रुपवर नको.

सर्वांचं कल्याण होवो. 🙏

— आपली एक सेविका, अभ्यास विभाग